झालेल्या माणसाला परत होत नाही

चूक माझी होती, हे आधी सांगून टाकतो. नाहीतर पुढचं सगळं मी नेहमीसारखं गोड करून सांगेन. करोनाच्या दुसऱ्या लाटेत, चैत्रात, शेजारच्या कौसावहिनींनी मला एक साधा प्रश्न विचारला होता. मी गावातल्या शाळेत विज्ञान शिकवतो, म्हणून मला विचारला. उत्तर मला पक्कं माहीत नव्हतं. तरीही मी ठामपणे 'नाही' म्हणालो, कारण त्या घडीला तेच उत्तर माझ्या सोयीचं होतं. त्या 'नाही'च्या भरवशावर वहिनी माझ्या आजारी आईच्या खोलीत गेल्या. आई बरी झाली आणि वहिनी पडल्या.

त्या वाचल्या. आजही सकाळी त्यांचा शेळ्यांवर ओरडण्याचा आवाज भिंतीपलीकडून येतो आणि माझा दिवस सुरू होतो. तो आवाज ऐकून मनात जे येतं त्याला कृतज्ञता हाच शब्द आहे. पण कित्येक वर्षं आमच्या दोन घरांत आभार उलटे वाहत होते. त्या माझे मानायच्या आणि मी मानून घ्यायचो.

यंदा पुन्हा चैत्र आला. आमच्या डोंगरपट्ट्यातल्या गावाला चैत्र कळतो तो परतणाऱ्या गाड्यांवरून. दिवाळीच्या सुमाराला निम्मं गाव ऊस तोडायला कारखान्यांकडे जातं. नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात, आणि कोयते गेले की गल्ल्यांमधून नुसती कुलपं दिसतात. कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे त्या सालचं गाळप संपलं, की वडवणीच्या रस्त्याने धुळीचे लोट उठायला लागतात. ट्रॉलीत बाजा, पातेली, खोपीचे बांबू, दोरीने बांधलेली शेळी, डालग्यातल्या कोंबड्या, आणि त्या सगळ्याच्या वर बसलेली लेकरं. गाडी थांबली की उसाच्या पाचटाचा गोडूस, आंबूस वास गल्लीभर पसरतो. कुलपं गंजलेली असतात, ती दगडाने ठोकावी लागतात. घरातून सहा महिन्यांचा कोंडलेला काळोख बाहेर पडतो आणि बाया केरसुण्या घेऊन आत शिरतात. एका दारातून दुसऱ्या दारात बोलणं सुरू होतं.

"अगं, किती काळी पडलीस!"

"आन तू काय सावलीत बसून ऊस तोडलास व्हय?"

कडुलिंबाला त्या वेळी मोहर असतो. बारीक पांढरी फुलं केरात पडतात आणि केर पुन्हा काढावा लागतो. ओट्याओट्यांवर चिंचा फोडणं चालू असतं. शाळेत माझ्या वर्गातले रिकामे बाक भरतात आणि अर्ध्या वर्षाचा अभ्यास बुडालेली पोरं, उन्हाने चकाकणारे चेहरे घेऊन, माझ्याकडे बघत बसतात. वर्षातला मला सगळ्यात आवडणारा काळ हाच. आणि याच काळात, आता काही वर्षं झाली, मला वहिनींचा तो प्रश्न आठवतो.

आमच्याकडे एक जुनी रीत आहे. कुणाच्या अंगावर कांजिण्या उठल्या की 'बाई आल्या' म्हणतात. दाराला लिंबाचा डहाळा लावतात, घरात फोडणी देत नाहीत, आणि आजाऱ्यापाशी बसायला गल्लीतलं 'झालेलं माणूस' शोधतात. ज्याच्या अंगावर बाई येऊन गेल्या त्याला परत होत नाही, म्हणून त्याने पाणी पाजायचं, अंग पुसायचं, रात्र जागवायची. मला लहानपणी कांजिण्या झाल्या तेव्हा माझ्यापाशी गल्लीच्या टोकाची एक म्हातारी बसून होती. तिच्या गालावर खड्डे होते आणि हात खरखरीत, गार. पुढे शिक्षक झाल्यावर मी ही रीत वर्गात अभिमानाने सांगायचो. बघा, रोगप्रतिकारशक्ती हा शब्द यायच्या आधी आपल्या लोकांना ती गोष्ट कळलेली होती. यात काही खोटं नव्हतं. खोटं तेव्हा झालं जेव्हा मी कांजिण्यांची रीत उचलून तशीच्या तशी करोनाला लावली आणि वर विज्ञानाचा शिक्का मारला.

पहिल्या लाटेत परतलेल्या कोयत्यांना गावाने वेशीवरच अडवलं होतं. रस्त्यावर बाभळीच्या फांद्या आडव्या टाकल्या होत्या. फांद्यांच्या अलीकडे उभ्या राहिलेल्या माणसांत मीही होतो. पलीकडे कौसावहिनी, त्यांचा नवरा अंकुश (माझा पहिलीपासूनचा सोबती) आणि त्यांची मुलगी. किती तरी दिवस ते रानात आंब्याखाली राहिले. वहिनी लांबून ओरडायच्या, "भावजी, आमी काय बिबटे हाय का? कावून भिताय येवढं?" आणि स्वतःच हसायच्या.

त्यांना करोना झाला तो पुढे श्रावणात. तालुक्याच्या वसतिगृहात करोना केंद्र उघडलं होतं, तिथे इतर आजारी बायांसोबत ठेवलं होतं. ताप आला, उतरला, तोंडाची चव गेली. परत आल्यावर अंगणात बसून त्यांनी सगळ्या गल्लीला ती कथा सांगितली. "आमटी खाल्ली तर कागद, शिरा खाल्ला तर कागद. म्या म्हनलं, आमाला काय पेपर चारायला आनलंय का हितं?" बाया पदर तोंडाला लावून हसत होत्या. तेव्हापासून कौसावहिनी आमच्या गल्लीचं 'झालेलं माणूस' ठरल्या.

त्याच हिवाळ्यात शाळा थोडे दिवस उघडली होती. विषाणूत बदल कसे होतात हे पोरांना सांगायला मी परीक्षेतल्या कॉपीचं उदाहरण घेतलं. या उदाहरणाला वर्गात फारसं समजवावं लागत नाही. पहिल्या बाकावरचं उत्तर शेवटच्या बाकापर्यंत उतरवलं जाताना त्यात चुका शिरतात. विषाणू आपल्या पेशीत शिरून स्वतःच्या नकला काढतो, त्यातही अशाच चुका होतात. त्यांना उत्परिवर्तन म्हणायचं. इथवर बरोबर होतं. मग पोरांचे चिंतेचे चेहरे बघून मी पुढचं वाक्य बोललो, "आणि नकलेची नक्कल होत होत तो ढिला पडत जातो." हे मी कुठे तरी ऐकलं होतं. ते तपासून घ्यावं असं मला वाटलं नाही. ऐकायला बरं वाटणारी गोष्ट तपासायला कोण उठतं?

ते वाक्य पोरांनी घरी नेलं. दोन दिवसांत पारावरची माणसं मला विचारू लागली. अंकुश तेव्हा कारखान्यावर होता. त्याने फोनवर माझी खेचली, "कावून बे मास्तर, ह्यो करोना बी तुझ्या पोरांवानी कॉप्या करून नापास व्हनार म्हनं!"

दुसऱ्या चैत्रात कोयते परतले, पण या वेळी फांद्या कुणी टाकल्या नाहीत. लग्नं लागली, जेवणावळी उठल्या. आणि मग घराघरांतून खोकला ऐकू यायला लागला. आमच्या घरी आधी बायकोला ताप आला, मग आईला. बायको पुढे सावरली, पण तेव्हा तिला अंथरुणातून उठवत नव्हतं. मला साखरेचा आजार, आणि करोना तोवर झालेला नव्हता. आईला मागच्या खोलीत ठेवलं होतं. मी दारात उभा राहून तिच्याशी बोलायचो आणि पाण्याचा तांब्या उंबऱ्याच्या आत सरकवायचो. तिला तो उचलायला बाजेवरून उतरावं लागायचं. स्वतःच्या आईला असं पाणी देणारा माणूस मी.

त्याच सकाळी माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला होता. तो आता डॉक्टर आहे, अंबाजोगाईला. आईची चौकशी करून म्हणाला, "सर, अजून खात्रीने सांगता येत नाही, पण मागच्या वर्षी होऊन गेलेले काही लोक पुन्हा येतायत. या वेळचा विषाणू वेगळा वागतोय. सांभाळा." मी "हो, हो" म्हणून फोन ठेवला.

आणि दुपारी कौसावहिनी अंगणात आल्या.

"भावजी, आत्याबाईला दारातूनच बघताय? पानी तरी पाजा की हातानं."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग खोलीच्या दाराकडे.

"ऱ्हाऊ द्या. तुमचं अंग साखरेचं. मला तर होऊन गेलाय, मी बसते. फकस्त येक सांगा, परत तर व्हत न्हाई ना?"

सकाळचा फोन माझ्या कानात तसाच होता. आतून आईच्या खोकल्याचा आवाज येत होता. मी म्हणालो, "नाही वहिनी. झालेल्या माणसाला परत होत नाही. आणि आताचा तर ढिला झालाय."

"मंग झालं तर," म्हणून त्यांनी पदर नाकावरून घेऊन मागे खोचला आणि त्या आत गेल्या.

पुढचे दिवस मला आवाजांतून आठवतात. मी अंगणात लिंबाखाली खुर्ची टाकून बसलेलो आणि खिडकीतून आतलं बोलणं ऐकू येई. पालथं झोपवलं की श्वास सुधारतो, असं त्या डॉक्टर मुलाने सांगितलं होतं.

"आत्याबाई, पालथ्या व्हा."

"मला न्हाई व्हत."

"व्हतंय. आता कुनाला लाजताय? हितं मी आन पाल."

"मरू दे मला, कौसे."

"मरा की. पन ही पेज पिऊन मरा. चुलीपाशी उभी ऱ्हाऊन केलीया म्या."

मग चमच्याचा वाटीवर आपटलेला आवाज. मग आईचं क्षीण, चिडकं, जिवंत बोलणं, "मीठ कमी हाय." ते तीन शब्द ऐकून मी खुर्चीत बसल्याबसल्या रडलो होतो. आई परत आली ती त्या तक्रारीवर बसून. जगात कुणाला काय काय मिळालं असेल, मला मिठाची तक्रार मिळाली, आणि ती मिळवून दिली ज्या बाईने तिचं माझ्याशी रक्ताचं काही नातं नव्हतं.

आई बाजेवर उठून बसायला लागली त्या आठवड्यात वहिनी एकदा बोलता बोलता मध्येच थांबल्या. वाक्य अर्धं होतं. दम लागला होता. त्यांनी हसून हाताने 'थांबा' अशी खूण केली, पण वाक्य काही पुरं झालं नाही. पहिल्या खेपेला चवीवर निभावलं होतं. या वेळी करोना थेट छातीत उतरला. बोटाला लावायच्या यंत्रावरचे आकडे बघून मी डॉक्टर मुलाला फोन केला, शेजारच्याची जीप घेतली, आणि अंकुशने त्यांना उचलून मागच्या सीटवर ठेवलं. अंबाजोगाईला खाट मिळाली, ऑक्सिजन मिळाला. दवाखान्याबाहेर चिंचेच्या झाडाखाली मी आणि अंकुश राहिलो. त्याने फडक्यातली भाकरी मोडून अर्धी मला दिली आणि म्हणाला, "तू हायेस म्हनून धीर हाय बे, मास्तर." मी ती भाकरी खाल्ली.

त्या दवाखान्यातल्या एका सिस्टरचा चेहरा मी कधी पाहिला नाही, फक्त डोळे पाहिले. ती रोज संध्याकाळी फाटकापाशी यायची आणि लांबून अंगठा वर करायची. मग आम्ही दोघं चहा प्यायला जायचो. अंगठा वर झाला तर चहाला चव लागायची. त्या अंगठ्याचे आभार कुठे आणि कसे मानायचे? त्या जीपवाल्याचे? गल्लीतल्या ज्या बायांनी अंकुशच्या मुलीला रोज आळीपाळीने जेवू घातलं, त्यांचे? आजारपण संपल्यावर माणसाला खरं तर जन्मभर लोकांच्या दारात जाऊन उभं राहायला हवं.

वहिनी घरी आल्या त्या नुसती हाडं होऊन. अंगणातून दारापर्यंत जाताना मध्ये बसायच्या. त्या वर्षी दिवाळीनंतर अंकुश एकटाच कारखान्यावर गेला. एकट्या माणसाला तिकडे अर्धा कोयता म्हणतात. एक हंगाम त्याने तसा काढला आणि मग गावातच दुधाच्या टेम्पोवर लागला. वहिनींनी शेळ्या घेतल्या. छाती पुष्कळ सुधारली आहे, तरी चढ लागला की त्या दगड बघून टेकतात. त्यांची मुलगी आता वर्षभर शाळेत असते, माझ्याच वर्गात. लोक म्हणतात, आजाराने हे एक बरं केलं. मी तिथून उठून जातो. मुलीचं शिकणं तिच्या आईबापांच्या कष्टाचं आहे, माझ्या खोटेपणाचा फायदा म्हणून ते मला कुणी देऊ नये.

त्यानंतर मी वाचलं. उशिरा, पण नीट वाचलं. विषाणूच्या नकलेत होणाऱ्या बहुतेक चुका वाया जातात. पण एखादी चूक त्याच्या अंगावरच्या काट्याचा आकार जरासा बदलते. आपल्या शरीराने मागच्या आजारात जो काटा ओळखून ठेवलेला असतो, त्याच्याशी नवा काटा पुरता जुळत नाही, आणि ओळख पटायला उशीर होतो. एखादी चूक त्याला पेशीत शिरायला अधिक सोपं करून देते. सौम्य व्हायची विषाणूला काही घाई नसते. माणूस खाटेला खिळण्याआधीच तो पुढच्या माणसाकडे गेलेला असतो, मग मागच्याचं काय झालं याच्याशी त्याचं देणंघेणं उरत नाही. नंतरच्या हिवाळ्यात जो प्रकार आला तो वेगाने पसरला आणि बहुतेकांना हलका गेला. लोक म्हणाले, मास्तरचं खरं ठरलं. पण तोवर आमच्या अंगात लस होती, मागच्या आजारांची ओळख होती. त्यात विषाणूचा नरमपणा किती आणि आमची तयारी किती, हे वेगळं काढणं सोपं नाही. आता वर्गात मी तो धडा शिकवताना कॉपीचं उदाहरण देतो आणि तिथेच थांबतो. पोरं विचारतात, "सर, मग तो शेवटी कमजोरच होतो ना?" मी म्हणतो, "कधी होतो, कधी होत नाही. आधी सांगता येत नाही." पोरांना हे उत्तर आवडत नाही. मलाही आवडत नाही.

हे वाचताना एक पळवाटही सापडली होती. गावभर तेव्हा करोना होता. लग्नाच्या मांडवात, किराणा दुकानात, कुठूनही तो वहिनींना लागला असता. आमच्या आईकडूनच आला याला काही पुरावा नाही. ही गोष्ट खरी आहे, आणि तिच्या आडोशाला मी बरीच वर्षं बसून राहिलो. पण करोना कुणाकडून लागला, या प्रश्नाचं उत्तर मला द्यायचंच नव्हतं. मला द्यायचं होतं ते त्यांच्या प्रश्नाचं, आणि ते मी चुकीचं दिलं होतं, जाणून.

दर चैत्रात वहिनी आमच्याकडे नव्या कुरडयांचं ताट घेऊन येतात. सोबत परतलेल्या बायांतली एखादी असते, तिला त्या सगळी हकीकत सांगतात. यंदाही आल्या. आई बाजेवर बसून चिंचोके वेगळे करत होती. गल्लीत नवी सून आलेली, ती पहिल्यांदाच ऐकत होती.

"ह्या भावजींनी गाडी केली, खाट मिळवली. लई धावपळ केली. ह्ये नसते तर मी आज फोटूत असते, हार घालून."

"फोटूत तरी गप बसली असतीस," आई म्हणाली, आणि सगळ्या हसल्या.

नवी सून माझ्याकडे ज्या नजरेने बघत होती ती मला सोसली नाही. एका पिढीने मला मानलं होतं, आता दुसरीही मानायला लागणार होती. मला भीती कशाची होती ते मला चांगलं ठाऊक होतं. भिंतीपलीकडचा तो सकाळचा आवाज बंद होईल, अंकुश मला 'बे' म्हणायचा थांबून 'सर' म्हणेल, या दोन घरांमधली भिंत खरोखरच भिंत होईल, याची.

तरी त्याच दिवशी मी वहिनींना खरं सांगितलं, आणि त्यानंतर काय झालं ते इथेच सांगून ठेवतो. वहिनी काही दिवस आमच्या अंगणात आल्या नाहीत. मग एका सकाळी शेळीला औषध विचारायला आल्या, आणि मी सांगितल्यावर म्हणाल्या, "पक्कं ठाऊक हाय, का अंदाजानं बोलताय?" आता प्रत्येक वेळी विचारतात. मी प्रत्येक वेळी खरं सांगतो, आणि बहुतेक वेळा ते 'अंदाजाने' असंच असतं. इतकं खरं बोलायची सवय मला कुणी लावली नव्हती. याचेही आभार आहेतच.

कुरडया आणल्या त्या संध्याकाळी मात्र बाया उठून गेल्या, आई आत गेली, आणि ताट घेऊन निघालेल्या वहिनींना मी थांबवलं. म्हणालो, तुम्ही मला देवमाणूस करू नका, मला तुमच्याशी बोलायचंय. आणि मी सुरुवात केली ती विषाणूपासून. नकला, चुका, काटा. त्या ताट कमरेवर धरून ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "भावजी, ते शाळेतलं ऱ्हाऊ द्या. म्या इचारलं तवा तुमाला ठाऊक व्हतं का न्हाई, येवढं सांगा."

"पक्कं नव्हतं. पण परत होतोय असं त्याच सकाळी मला फोनवर कळलं होतं. आई माझी होती, आणि आत जायला मी भीत होतो, म्हणून तुम्हाला 'नाही' म्हणालो."

त्यांनी कमरेवरचं ताट खाली ठेवलं. मला इथेच थांबता आलं असतं, पण उरलेलं ऐकण्याचा हक्कही त्यांचाच होता.

"आणि वहिनी, तुम्ही पदर बांधून आत जात होता तेव्हा माझ्या कपाटात चांगले जाड मास्क होते. त्या डॉक्टर पोराने पाठवलेले. मी दारात उभा राहताना लावायचो आणि तुम्ही यायच्या आधी काढून ठेवायचो. तुम्हाला एक दिला असता तर तुम्ही विचारलं असतं, कावून, आणि मला सांगावं लागलं असतं. तुमचा जीव मी माझ्या सोयीसाठी पणाला लावला. माझं चुकलं. मला माफ करा."